दूरची वाट

ज्येष्ठ-आषाढात पश्चिमेचा वारा सुटला म्हणजे शेवगावच्या माळावर सायकल चालविणाऱ्याला त्याची निराळी ओळख करून द्यावी लागत नाही. बोधेगावच्या बाजूने सकाळी शेवगावी येणाऱ्या मुलाच्या तो नेमका छातीवर येतो. सदऱ्याचे शीड होते, पाठीवरचे दप्तर मागे ओढू लागते, आणि एरव्ही पाऊण तासात संपणारी वाट सव्वा तास झाला तरी संपत नाही. आडोसा धरावा म्हटले तर रस्त्याच्या कडेला एखादी बाभळ तेवढी उभी असते. संध्याकाळी मात्र तोच वारा पाठीशी लागतो आणि पायडल न मारताही सायकल घराकडे पळू लागते. सकाळचे देणे तो संध्याकाळी फेडतो, असे म्हणावयास हरकत नाही.

वाऱ्याखेरीज या वाटेवर आणखी दोन वैरी आहेत. पहिला बाभळीचा काटा. दुसरी काळी माती. पहिला पाऊस पडून गेला की वस्तीवरून रस्त्यापर्यंत येणारी पायवाट सायकलीच्या चाकाला अशी काही धरते की सुटता सुटत नाही. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल घट्ट बसतो, चाक फिरेनासे होते, आणि जिने आपल्याला न्यावयाचे तिलाच आपल्या खांद्यावर घेऊन चालण्याची पाळी येते. काटीने चिखल उकरावा, दहा पावले जावे, पुन्हा उकरावा. शाळेची घंटा तर कोणासाठी थांबत नाही.

काट्याचे दुःख त्या मानाने सोपे आहे. रस्त्याच्या कडेला टपरीपुढे पाण्याचे घमेले मांडून बसलेला मेस्त्री ट्यूब बाहेर काढतो, तिच्यात हवा भरतो, आणि घमेल्यातल्या पाण्यात ती हळूहळू फिरवू लागतो. एके ठिकाणी बुडबुड्यांची बारीक माळ वर येते.

"काका, लवकर होईल का? पहिला तास गणिताचा आहे."

"होतंय गं पोरी. पण बाभळीखालची वाट तेवढी सोड. महिन्यात तिसरं ठिगळ आहे हे."

मेस्त्री काचकागदाने ट्यूब घासतो, सोल्युशन लावतो, फुंकर घालून वाळवितो आणि ठिगळ दाबून बसवितो. पाच-दहा मिनिटांचे काम. परंतु ते पाहत उभ्या राहिलेल्या मुलीच्या पदरी नकळत एक विद्या पडत असते. निर्मनुष्य ठिकाणी चाक बसले असता हीच विद्या कामास येते. तेथे दुसऱ्या कोणाला हाक मारून उपयोग नसतो.

शेवगावहून अहिल्यानगर, म्हणजे जुने अहमदनगर, सुमारे ६५ किलोमीटर आहे. जत्रेला किंवा पैज लावून एवढे अंतर सायकलीने जाऊन आलेला एखादा धट्टाकट्टा मनुष्य गावोगावी सापडतो, आणि तो ती गोष्ट पुढे वीस वर्षे सांगतो. त्याच्या सांगण्यात दरवर्षी थोडी भर पडते हेही खरे. आता कल्पना करावी, की कोणी एकाच दिवसात शेवगावहून नगरला गेले, परत आले, पुन्हा गेले आणि पुन्हा आले. एवढे करूनही २६० किलोमीटरच होतात. पुण्याच्या एका मुलीने काही दिवशी ३०० किलोमीटरपर्यंत सायकल चालविली, आणि तीही एक-दोन दिवसांच्या हौसेखातर नव्हे, तर पृथ्वीप्रदक्षिणा करताना.

या मुलीचे नाव वेदांगी कुलकर्णी. ती इंग्लंडमधील बोर्नमथ येथील विद्यापीठात क्रीडाव्यवस्थापनाचे शिक्षण घेत होती. जुलै २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पर्थ या शहरातून ती निघाली. त्या वेळी तिच्या वयाची वीस वर्षेही नुकतीच भरत आलेली होती.

महाराष्ट्रातून सायकलीने जग पाहावयास निघालेली ती काही पहिलीच नव्हे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण असेच निघाले होते. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापसोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघेच प्रवास पुरा करून मार्च १९२८ मध्ये मुंबईस परतले. साडेचार वर्षांहून थोडा कमी काळ, आणि सुमारे ७१,००० किलोमीटर. इराण, इराक, सीरिया, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश असा त्यांचा मार्ग. कोठे वाळवंटात पाण्याचा थेंब नाही, कोठे आल्प्स पर्वतावर गुडघाभर बर्फ. त्यांच्या सायकलींना आजच्यासारखी गिअरची सोय नव्हती, आणि खिशात रस्ता सांगणारे यंत्रही नव्हते. त्या काळी हिंदुस्थानात साधी सायकल बाळगणे हीदेखील मोठी गोष्ट समजली जात असे. त्या तिघांना घाई नव्हती. जग पाहावयाचे होते. वेदांगीच्या पाठीमागे मात्र घड्याळ लागलेले होते.

विक्रमासाठी पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची तर तिचे नियम ठरलेले आहेत. प्रवास एकाच दिशेने झाला पाहिजे. सायकलीवरचे अंतर किमान २९,००० किलोमीटर भरले पाहिजे. जेथून निघावयाचे तेथेच येऊन पोहोचले पाहिजे. समुद्र अर्थातच विमानाने किंवा जहाजाने ओलांडता येतो. याखेरीज एक नियम मोठा मौजेचा आहे: पृथ्वीच्या गोलावर एकमेकींच्या अगदी विरुद्ध बाजूस असणारी दोन ठिकाणे या मार्गात आली पाहिजेत. शेवगावातून भोक पाडीत सरळ पृथ्वीच्या पोटातून पलीकडे निघाले तर मनुष्य प्रशांत महासागरात बुडेल. पृथ्वीवरील बहुतेक भूमीच्या तळाशी असा समुद्रच आहे. परंतु न्यूझीलंडमधील वेलिंग्टनजवळून भोक पाडले तर ते स्पेनमध्ये निघते! वेदांगीच्या मार्गात हे दोन्ही देश होते.

ऑस्ट्रेलियात पर्थपासून ब्रिस्बेनपर्यंत ती गेली. तेथून विमानाने न्यूझीलंड गाठले. मग कॅनडा, पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकूव्हरपासून पूर्वेच्या हॅलिफॅक्सपर्यंत. कॅनडाच्या अरण्यात एक ग्रिझली अस्वल तिच्या मागे लागले. ग्रिझली हे काही आपल्याकडील मदाऱ्याच्या गोष्टीतले अस्वल नव्हे; पळावयास लागले तर घोड्याशी बरोबरी करणारा तो प्राणी. स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून तिला लुटण्यात आले. अस्वलाचे एक वेळ समजू शकते. ते आपल्या रानात होते.

या दोन्ही संकटांपेक्षा तिचे अधिक नुकसान केले ते कागदांनी. परदेशी जावयाचे तर प्रवेशपत्र, म्हणजे व्हिसा, लागतो. तो मिळण्यात अडचणी आल्या आणि तिचे दिवस वाया गेले. सायकलस्वाराचे दिवस असे जातात तेव्हा केवळ दिवसच जात नाहीत, ऋतूही जातो. उन्हाळ्याच्या शेवटी गाठावयाचा युरोप तिच्या हाती आला तो हिवाळा तोंडावर असताना. त्यातच १८ ऑक्टोबर २०१८ रोजी स्कॉटलंडच्या जेनी ग्रॅहम या स्त्रीने बर्लिन येथे आपली पृथ्वीप्रदक्षिणा अवघ्या १२४ दिवसांत पूर्ण केली. स्त्रियांचा तोपर्यंतचा विक्रम १४४ दिवसांचा होता. तो एकदम वीस दिवसांनी खाली आला. त्या दिवशी वेदांगी अद्याप वाटेवरच होती. तिच्यापुढे अजून बरीच वाट शिल्लक होती, आणि सर्वांत जलद स्त्री म्हणून नाव लागण्याचा संभव आता उरलेला नव्हता. तेथून घरी परतली असती तरी तिला कोणी बोल लावला नसता. ती पुढे निघाली.

फिनलंड हा देश महाराष्ट्रापेक्षा आकाराने थोडा मोठा आहे, पण तेथील सर्व माणसे मोजली तर ती छपन्न लाखांच्या आसपास भरतात. महाराष्ट्रात २०११ च्या शिरगणतीतच सव्वाअकरा कोटींच्या जवळपास लोक होते. मग तेथे आहे तरी काय? अरण्य आणि पाणी. देशाच्या सुमारे तीन-चतुर्थांश भूमीवर पाइन, स्प्रूस आणि पांढऱ्या सालीच्या बर्च वृक्षांचे रान आहे, आणि लहानमोठी तळी मोजली तर ती १,८८,००० भरतात. नाथसागराचे पसरलेले पाणी पाहून ज्याचे डोळे निवतात अशा शेवगावकराला त्या देशात डोंगर कमी आणि पाणी फार, असेच वाटेल. हिवाळ्याच्या आरंभी तेथे दुपारी तीन-चारच्या सुमारास अंधार पडू लागतो. आणखी उत्तरेस लॅपलँड प्रांतात तर डिसेंबरात कित्येक दिवस सूर्य उगवतच नाही. दुपारी क्षितिजावर थोडा निळसर उजेड येतो आणि जातो. उन्हाळ्यात याच्या उलट. तेव्हा सूर्य मावळतच नाही, आणि सायकलस्वाराला झोपावयास केव्हा जावे हे डोळ्यांनी न ठरविता घड्याळाने ठरवावे लागते.

वेदांगी गेली ती मोठ्या रस्त्याने. परंतु या देशात सायकलीची दुसरीही एक वाट आहे, आणि तिचे वेड असलेली माणसे दूरदूरच्या देशांतून तेथे येतात. ही वाट अरण्यातून जाते. जाड टायरांची, धक्के सोसणारी, अनेक गिअरांची सायकल घ्यावयाची. तंबू, अंथरूण, शिधा, चूल हे सर्व तिच्याच अंगावर बांधावयाचे, आणि दिवसचे दिवस रानातून जावयाचे. डांबर नाही, मैलाचे दगड नाहीत. झाडांची मुळे वाटेवर सापासारखी आडवी पडलेली असतात, मध्येच खडक असतो, आणि खडक संपला की दलदल. ही दलदल शेवगावच्या काळ्या मातीची उत्तरेकडील बहीणच म्हणावी. सायकल खांद्यावर घेण्यावाचून गत्यंतर नसते. काही ठिकाणी वाटसरूंसाठी दलदलीवर लांबच लांब दोन फळ्या टाकलेल्या असतात. पाऊस पडून त्या निसरड्या झाल्या म्हणजे शहाणा मनुष्य खाली उतरतो, आणि शहाणपण मिरविणारा चिखलात पडतो. उन्हाळ्यात डास इतके, की थांबून भाकरतुकडा खाणे हेही एक साहस होऊन बसते.

अशा रानात कोणी कोणाला अडवीत नाही का? नाही. तेथे एक जुनी रीत आहे, आणि तिला कायद्याचीही मान्यता आहे. रान कोणाच्याही मालकीचे असो, त्यातून चालत जाण्याचा, सायकलीने जाण्याचा, एखादी रात्र तंबू ठोकण्याचा आणि रानातील फळे तोडून खाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मात्र कोणाच्या घराच्या अंगणात शिरावयाचे नाही, उभ्या पिकातून जावयाचे नाही, मालकास विचारल्याशिवाय जाळ पेटवावयाचा नाही. उसाच्या फडाच्या बांधावरून जाताना एखादे कांडे मोडून घेतले म्हणून ओरडा खाल्लेल्या मुलांना या रीतीचा थोडा हेवा वाटणे साहजिक आहे. परंतु ऊस हे उभे पीक होय, ही अडचण त्यांनी लक्षात घ्यावी.

याहून नवलाची गोष्ट तेथील झोपड्यांची. निर्मनुष्य प्रदेशात, विशेषतः लॅपलँडमध्ये, ठिकठिकाणी लाकडी झोपड्या बांधून ठेविलेल्या आहेत. दाराला कुलूप नाही, भाडे नाही, राखणदार नाही. आत झोपण्यासाठी फळ्यांचे ओटे, एक शेगडी आणि बाहेर सरपणाची खोप. वाटसरूने यावे, रात्र काढावी आणि सकाळी आपल्या वाटेने निघावे. जाताना झोपडी झाडून, आपल्यामागून येणाऱ्यासाठी थोडे सरपण फोडून आत ठेवावयाचे. कारण येणारा कदाचित रात्री येईल; कदाचित त्याची बोटे गारठून काडी ओढता येणार नाही इतकी बधिर झालेली असतील. आपल्याकडील जुन्या धर्मशाळांची आठवण व्हावी अशी ही सोय आहे. पण तिचा एक नियम आपल्या एस.टी.तील खिडकीजवळच्या जागेच्या नियमाच्या नेमका उलट आहे. झोपडी भरलेली असताना नवा मनुष्य आला तर जागेवर पहिला हक्क त्या नव्याचा. जो आधी आला त्याची विश्रांती झालेली आहे, त्याने उठावे आणि वाट धरावी, किंवा बाहेर तंबू ठोकावा. 'आम्ही आधी आलो होतो' हे म्हणणे तेथे जागा धरण्याचे कारण नसून जागा सोडण्याचे कारण ठरते.

कडक हिवाळ्यातही ही माणसे सायकली बाहेर काढतात. लॅपलँडची राजधानी रोव्हानिएमी हे शहर उत्तर ध्रुववृत्ताजवळ आहे. तेथे फेब्रुवारीत बर्फावरून १५० किलोमीटरची शर्यत होते. कोणी सायकलीने, कोणी स्कीच्या पट्ट्यांवर, कोणी पायी ती पुरी करतो. आपल्या साध्या सायकलीचा टायर दीड इंच रुंद असतो. तो भुसभुशीत बर्फात सरळ खाली रुतेल. म्हणून तेथे चार इंच रुंदीचे टायर लावतात, आणि त्यांत हवाही कमी भरतात. उंटाचे पसरट तळवे वाळूत रुतत नाहीत, तसाच हा प्रकार. शिवाय थंडीने हवा आकुंचन पावते, त्यामुळे घरात नीट भरलेले चाक बाहेर आणले की आपोआप मऊ पडते. गोठलेल्या कठीण बर्फावर चाक घसरू नये म्हणून काही टायरांना धातूचे बारीक खिळेही जडविलेले असतात.

पाण्याची युक्ती तर ऐकण्यासारखी आहे. शेवगावात वैशाखात मुले पाण्याच्या बाटलीला ओला फडका गुंडाळतात, पाणी गार राहावे म्हणून. तेथे बाटलीला लोकरी मोजा घालतात, पाणी गोठू नये म्हणून. आणि बाटली उलटी ठेवतात. पाण्याचे बर्फ प्रथम वरच्या बाजूस धरते. बाटली उलटी असली म्हणजे ते बुडाशी धरते आणि तोंड मोकळे राहते. घामाचीही तेथे भीती असते. उन्हात घाम आला तर अंग निवते. हिमात घाम आला आणि मनुष्य क्षणभर थांबला, तर ओले कपडे अंगावरच गारठतात आणि त्यात जीव जाण्याचीही वेळ येते. म्हणून चढावर जोर करण्यापूर्वीच अंगावरचा एक कपडा काढावयाचा, आणि थांबताक्षणी पुन्हा चढवावयाचा. थंडीत कपडे काढण्याचे हे शास्त्र प्रथम ऐकणाऱ्याला उलटे वाटते.

या सर्व गोष्टी एकट्याने सांभाळावयाच्या म्हणजे काय, हे वेदांगीच्या प्रवासावरून कळते. तिचा सुमारे ऐंशी टक्के प्रवास एकटीने झाला. सायकलीवर सामान लादलेले, उणे २० अंशांपासून ३७ अंशांपर्यंतचे तापमान सोसलेले. शेवगावच्या मे महिन्यापुढे ३७ अंशांचे फारसे कौतुक नाही. परंतु उणे २० म्हणजे बर्फ ज्या बिंदूला होते त्याच्याही २० अंश खाली. फिनलंड मागे टाकून ती रशियात शिरली. तेथे बर्फात तिने कित्येक रात्री तंबू ठोकून एकटीने काढल्या. अशा रात्री तंबूबाहेर कसला आवाज झाला तर उठून पाहावयाचे तेही आपणच, आणि सकाळी गारठलेल्या हातांनी तंबूच्या दोऱ्या सोडावयाच्या त्याही आपणच. रशियातून विमानाने ती भारतात आली. सुमारे ४,००० किलोमीटरचा अखेरचा टप्पा आपल्याच देशात होता. रस्त्याच्या कडेला चहाची टपरी, पंक्चर काढणाऱ्याचे घमेले, आणि 'कोठून आलात?' असे थांबवून विचारणारी माणसे, हे सर्व तिला पुन्हा दिसू लागले असेल.

२३ डिसेंबर २०१८ च्या पहाटे कोलकात्यात तिचे २९,००० किलोमीटर भरले. १४ देश झाले होते आणि १५९ दिवस लागले होते. विमानात आणि प्रवेशपत्रांची वाट पाहण्यात गेलेले दिवस धरूनही रोजची सरासरी १८० किलोमीटरच्या वर जाते. वर्तमानपत्रांतून तिची छायाचित्रे आली. आशियात एवढ्या जलद पृथ्वीप्रदक्षिणा करणारी दुसरी स्त्री नाही, असे त्यांत लिहिले होते.

तरीही नियमाप्रमाणे प्रवास अजून पुरा झालेला नव्हता. जेथून निघावयाचे तेथेच पोहोचले पाहिजे. त्यासाठी तिला विमानाने समुद्र ओलांडून पुन्हा पर्थला जावयाचे होते, आणि तेथे सायकलीवर बसून १५ किलोमीटर तोडावयाचे होते. शेवगावच्या आसपासच्या वस्त्यांवरील कित्येक मुलेमुली शाळेला जाण्यायेण्यात रोज जवळजवळ तेवढेच अंतर तोडतात. सकाळी वाऱ्याच्या तोंडावर, आणि संध्याकाळी वारा पाठीशी घेऊन.